हातचा एक

गुरुजी लोकांचा ग्रुप सहसा कुणी घेत नाही. दौलताबादच्या किल्ल्यावर बावीस वर्षं गाईडकी केलेल्या रामकिसनलाही हे ठाऊक होतं. बाकीची माणसं ऐकतात, गुरुजी तपासतात. पण मार्चमधला शनिवार होता, दुपारचे अडीच वाजले होते, ऊन असं की तोफांना हात लावता येत नव्हता, आणि दरवाज्यापाशी दुसरं गिऱ्हाईक दिसत नव्हतं. म्हणून त्यानं अठरा तिकिटांचा तो ग्रुप घेतला.

गणिताचे शिक्षक होते सगळे. शहरात चार दिवसांचं प्रशिक्षण होतं, त्याचा आज शेवटचा दिवस. प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीनं पुठ्ठ्याची पाटी अडकवलेली आणि पाटीवर काळ्या मार्करनं एक-एक अंक. पाट्या घालून अठरा मोठी माणसं किल्ल्याचा चढ चढताना बघून पेरू विकणारी बाई हसत सुटली.

"हे काय सोंग म्हणायचं सर?" रामकिसननं विचारलं.

त्यांचे पुढारी काकासाहेब म्हणून पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांच्या छातीवर नऊ होता. ते याच प्रश्नाची वाट बघत असावेत. "गणित जगण्याशी जोडायचं, रामकिसनराव. ज्याच्या घरी त्याच्याशिवाय जेवढी माणसं, तेवढा त्याचा अंक. आमचं खटलं मोठं, म्हणून मी नऊ."

"आणि हे सुयश सर शून्य," मोनिका मॅडम म्हणाल्या. "बिडकीनला खोली घेऊन एकटेच राहतात. सर, पाटी उलटी करा. एखाद्या मुलीच्या बापानं बघितली तर पळून जाईल."

"उलट पायघड्या घालील," सुयश सर म्हणाले. "सासू नाही, नणंद नाही."

काकासाहेबांनी सगळ्यांना खंदकावरच्या पुलावर एका ओळीत उभं केलं आणि रामकिसनच्या हातात मोबाईल देऊन फोटो काढायला लावला. डावीकडून उजवीकडे वाचलं की अठरा आकडी संख्या होत होती. १०५२६३१५७८९४७३६८४२.

"आता हिची दुप्पट करा," काकासाहेब म्हणाले.

"मी सातवीतनं शाळा सोडली सर."

"तेच तर. करायचीच नाही. शेवटचा दोन उचला आणि सगळ्यांच्या पुढं नेऊन ठेवा. झाली दुप्पट. बाकी एक अंक हलवायचा नाही. एवढ्या मोठ्या संख्येत असं होतं, सांगा तुमच्या गिऱ्हाईकांना. पहिल्या दिवशी मी नुसती घरची माणसं विचारत गेलो आणि फळ्यावर लिहीत गेलो. दोन-तीन जणांनी सासूसासरे धरले-सोडले, आणि ही संख्या जमली. माझ्या अंगावर काटा आला."

रामकिसनच्या अंगावर काही आलं नाही. त्याला पाच वाजता खाली उतरायचं होतं. त्यानं नुसती मान हलवली.

ओळीत चौदाव्या जागी मेघा मॅडम होत्या, सोयगावच्या. पाटीवर तीन. त्यांच्या फोनचा कानाचा स्पीकर गेलेला, त्यामुळं त्यांचं बोलणं साऱ्या किल्ल्याला ऐकू येत होतं. "अहो आई, निघतेच आता. एवढी अंधारी बघितली की सुटलो."

"निघते निघते सकाळधरनं आयकते मी," पलीकडून सासूचा करडा आवाज आला. "ते तुझं पोर सार्थक मला स्वैपाक करू देत नाय. तुझा नवरा तसलाच. मी कणीक भिजवायला घेते. तू सातपर्यंत नाय आलीस तर मी जेवणार नाय, सांगून ठेवते."

"गोजरबाई, आमच्या सासूबाई," मेघा मॅडमनी ओशाळून रामकिसनकडं बघितलं. "माझ्याशिवाय जेवतच नाहीत. लेकापेक्षा मी लागते त्यांना."

अंधारी म्हणजे किल्ल्याच्या पोटातली वाट. डोंगर कोरून केलेला वळणावळणाचा जिना. भर दुपारी आत गेलं तरी स्वतःचा हात दिसत नाही. वटवाघळांचा उग्र, आंबूस वास नाकात बसतो तो घरी जाऊन आंघोळ केली तरी जात नाही. रामकिसनची पद्धत ठरलेली होती. तोंडाशी प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून माणसं मोजायची. आपण पुढं बॅटरी घेऊन, बाकीच्यांनी एकामागं एक, डावा हात भिंतीला, उजवा पुढच्याच्या खांद्यावर. मध्यावर गेलं की बॅटरी विझवायची आणि पन्नासपर्यंत आकडे म्हणायचे, एवढाच त्याचा खेळ. वर उजेडात आलं की पुन्हा खांदे मोजायचे. जिना एवढा चिंचोळा की मागचा माणूस पुढं जाऊच शकत नाही.

त्यानं अठरा मोजले आणि आत शिरला. मध्यावर बॅटरी विझवली, पन्नास म्हटले, परत लावली. वर आल्यावर मागं वळून पहिल्या खांद्याला हात लावला, तर त्या मोनिका मॅडम होत्या. पाटीवर दोन.

"मॅडम, अंधारात पुढं घुसायचं नसतं. पाय घसरला तर मी जबाबदार."

"मी कुठं घुसले?" मोनिका मॅडम म्हणाल्या. "मी शेवटी होते. माझा हात विश्वजीत सरांच्या खांद्यावर होता. बाहेर आले तर तुमचा खांदा."

"म्हणजे मधल्या सतरा जणांच्या अंगावरून उडत आला?"

विश्वजीत सर आता ओळीच्या शेवटी होते, चाराची पाटी घेऊन. ते म्हणाले, "मला तर वाटलं त्या अजून मागंच आहेत. खांद्यावर हात होता की हो."

कुणी हसलं, कुणी मोनिका मॅडमला शाबासकी दिली. काकासाहेब मात्र पाट्या वाचत होते. दोन, एक, शून्य, पाच... "बरोबर दुप्पट," ते म्हणाले. "पण ठरवून केलंत. पुन्हा."

"पुन्हा कशाला?" मेघा मॅडम कळवळल्या. "सर, सोयगावची गाडी..."

"दहा मिनिटं."

बाजूच्या पायऱ्यांनी सगळे खाली आले. उन्हात तापलेला दगड, गुडघ्यांची कुरकुर, कुणाची बाटली रिकामी. रामकिसन मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होता. या वेळी काकासाहेबांनी प्रत्येकाला पुढच्याच्या खांद्यावरची ओढणी, पिशवीचा बंद, जे मिळेल ते मुठीत धरायला लावलं. सगळे वर आले. सगळ्यांच्या पुढं विश्वजीत सर होते, मुठीत काहीच नाही. आता चार सगळ्यांच्या पुढं आणि आठ शेवटी.

आता कुणी फारसं हसलं नाही.

तिसऱ्या वेळी आठाच्या पाटीच्या बाई पुढं आल्या. त्या रडवेल्या झाल्या होत्या. म्हणाल्या, "मला कुणी ओढलं नाही, ढकललं नाही. मी चालतच होते. फक्त मध्ये एक पायरी... लांब होती."

"पुरे," रामकिसन म्हणाला. "चार वाजून गेले. ही काय गिरणी आहे का, दाणे घालायचे अन् फिरवत बसायचं? माझा घसा सुकला."

काकासाहेब कट्ट्यावर बसून वहीवर गुणाकार करत होते. आताची ओळ होती ८४२१०५२६३१५७८९४७३६. त्यांनी पेन्सिल थांबवली, परत पहिल्यापासून केलं, आणि वर बघितलं. त्यांच्या तोंडावर चोर सापडल्यासारखं हसू होतं.

"आता सापडलात," ते म्हणाले. "हिची दुप्पट अठरा अंकांत बसत नाही. आठ दुणे सोळा. हातचा एक राहतो आणि त्याला जागाच नाही, तो पुढं वाढतो. एकोणीस अंक होतात. शिवाय शेवटचा अंकही एकानं कमी पडतो. आता तुमची ही जादू कशी चालते बघू. एकोणिसावा माणूस कुठून आणता, रामकिसनराव?"

"मी?" रामकिसनचं डोकंच उठलं. "मी आणतो?"

"बावीस वर्षं या भोकात काढलीत. एखादी चोरवाट तुम्हालाच माहीत असणार. या मोनिका मॅडमना सामील करून घेतलंत की आमची करमणूक झाली, तुमचं नाव झालं."

"सर, मरो ते," सुयश सर म्हणाले. "जेवढं झालं तेवढं झालं. खाली उसाचा रस घेऊ."

तिथंच सोडलं असतं तर सगळे आपापल्या घरी गेले असते. पण बावीस वर्षांत रामकिसनला कुणी लबाड म्हटलं नव्हतं. त्यानं बॅटरी उचलली. "चला. होऊन जाऊ द्या. एकोणीस निघाले तर माझं नाव बदला."

चौथ्यांदा अंधारीच्या तोंडाशी त्यानं खांदे मोजले. अठरा. मोठ्यानं म्हणाला, "अठरा. ऐकलं ना सगळ्यांनी?" आणि आत शिरला.

या खेपेला आत गारवा होता. वटवाघळांची फडफड ऐकू आली नाही. मागून पावलं येत होती, घासत, जपून. मध्यावर येऊन त्यानं बॅटरी विझवली आणि आकडे म्हणायला लागला. एक... दोन... तीन... मागचे त्याच्याबरोबर म्हणत होते. वीस-बावीसच्या सुमाराला वटवाघळांचा वास गेला. कसा गेला ते कळलं नाही. त्या जागी दुसराच वास आला, ओळखीचा, साधा. ओल्या गव्हाच्या पिठाचा. रामकिसनचा आवाज अडखळला. मागचे मात्र म्हणतच राहिले. एकतीस... बत्तीस... आणि त्या आवाजांत एक आवाज मागून येत नव्हता. तो त्याच्या पुढून येत होता. म्हातारा, करडा, धापा टाकणारा.

त्यानं बॅटरी लावायला बोट दाबलं, लागली नाही. पन्नास झाल्यावर आपोआप लागली. पुढं नुसत्या पायऱ्या होत्या.

वर उजेडात तो पहिला आला असं त्याला वाटलं. पण कट्ट्याजवळ एक म्हातारी आधीच उभी होती. अनवाणी, घरातलं विटकं लुगडं, पदर खोचलेला. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले, बोटांना ओली कणीक. गळ्यात सुतळीनं पुठ्ठ्याची पाटी. पाटीवर एक.

"आत्ता तर परातीत पाणी घातलं," ती म्हणाली. "हे कुठं आले मी..."

मागून एकेक जण बाहेर येऊन तिच्या मागं उभा राहत होता. सहा, आठ, चार, दोन... रामकिसन खांद्यांना हात लावत गेला. एकोणीस. शेवटी मेघा मॅडम. त्यांच्या पाटीवर दोन होता. खाडाखोड नव्हती. जणू पहिल्यापासून तोच लिहिलेला असावा.

"१६८४२१०५२६३१५७८९४७२," काकासाहेबांनी वहीशी ताडून पाहिलं आणि टाळी वाजवली. "अचूक. हातचा एकसुद्धा पुढं उभा केलात. मानलं तुम्हाला. कोण या? तुमच्यापैकी कुणी?"

म्हातारीनं तोवर मेघा मॅडमना बघितलं होतं. तिचा जीव भांड्यात पडला. "मेघे, अगं चल घरी. सार्थक वाट बघत असंल."

मेघा मॅडमनी इकडं तिकडं बघितलं. मग फार सौम्यपणे, जसं परक्या म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसं बोलल्या. "कोण आजी? कुणाला शोधताय?"

"मॅडम, तुमच्या सासूबाई," रामकिसन म्हणाला. "गोजरबाई. मघाशी फोनवर..."

"माझ्या सासूबाई? दादा, आमच्या घरी हे आणि सार्थक, दोघंच. मघाशी मी यांच्याशीच बोलत होते."

"तुमची पाटी तीन होती."

"दोन होती."

"फोटो बघा की. पुलावरचा फोटो."

काकासाहेबांनी मोबाईल दाखवला. फोटोत चौदावी पाटी मेघा मॅडमच्या ओढणीखाली झाकली गेली होती. मेघा मॅडमनी घरी फोन लावला; त्यांचा नवरा सगळ्या कट्ट्याला ऐकू येईल असा म्हणाला, "आई? कुठली आई? ऊन लागलं का तुला?" मागं सार्थक हसत होता.

म्हातारीनं लेकाचा आवाज ऐकला आणि पिठाचा हात तोंडावर धरला.

रामकिसननं सगळ्यांकडं एकेक करून बघितलं. कुणी खोटं बोलत नव्हतं, हेच तर वाईट होतं. पाटी घातलेल्या प्रत्येक शिक्षकाला ते खरंच वाटत होतं. पाटी नव्हती ती फक्त त्याच्या गळ्यात.

"सर," तो काकासाहेबांना म्हणाला, "दुप्पट झाली तशी निम्मीपण होईल. उलटं चला. वरून खाली, असेच ओळीनं. हिला घरी पोचवू द्या."

काकासाहेबांनी क्षणभर खरोखर विचार केला. "तत्त्वतः बरोबर आहे. पण सगळे एकोणीस लागतील. एकट्या एकाचं निम्मं होत नाही." मग घड्याळ बघितलं. "आणि आता वेळ नाही."

खालून बसचा हॉर्न वाजला. रामकिसननं हात जोडले, मेघा मॅडमपुढं आडवा उभा राहिला, विश्वजीत सरांची पिशवी ओढून धरली. बावीस वर्षांत तो कुणापुढं इतका बोलला नव्हता. पण दमलेल्या माणसाला परत अंधारात नेणं सोपं नसतं. "दादा, सोडा आता," सुयश सर म्हणाले. "करमणूक झाली, पण ताणायची किती?" एकेकानं गळ्यातली पाटी काढून काकासाहेबांच्या पिशवीत टाकली. मेघा मॅडमनी जाताना म्हातारीला पाण्याची बाटली दिली. "जपून जा आजी," म्हणाल्या. बस गेली.

सोयगावकडं जायला आता गाडी मिळणार नव्हती. रामकिसननं ठरवलं, सकाळी पहिल्या एसटीनं स्वतः घेऊन जायचं. दारात उभी करायची, बघू कसा ओळखत नाही लेक. त्यानं तिला मोटारसायकलवर मागं बसवलं. गावात पोचेपर्यंत ती एकदाच बोलली. "बाबा, तुझ्या घरी कोण कोण हाय?"

"मी अन् बायको. पोरगी दिली बिडकीनला."

"बरं," ती म्हणाली.

द्वारकाबाई दारातच होती. तिनं मागं बसलेल्या म्हातारीला आणि मग नवऱ्याला बघितलं. "परवा कुत्रं आणलं. आज आजी. उद्या काय, हत्ती?"

"ऐकून तर घे." त्यानं ओट्यावर बसून सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याचं त्यालाच हसू यायला लागलं, वैतागाचं. "अन् हे बघ, ही पाटी. गळ्यातनं काढूच देत नाय ती. एक. म्हणजे हिच्या घरी हिच्याशिवाय एकच माणूस. आता इथं तर आपण दोघं. बघ, एवढे अठरा गुरुजी, अन् गणित चुकलं."

"गुरुजींचं चुकत नसतंय," द्वारकाबाई म्हणाली. "चला आई, हात धुवा. केवढं पीठ वाळलंय." तिनं म्हातारीला आत नेलं. जाताना नवऱ्याला म्हणाली, "पाय धुऊन या. भाकरी गरम हायेत."

तो मागं मोरीत गेला. पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. अंधारीचा वास काही जात नव्हता. परत ओट्यावर आला तेव्हा आत दिवा लागला होता. द्वारकाबाईनं दोन ताटं मांडली होती. एकापुढं म्हातारी बसली होती, दुसऱ्यापुढं ती स्वतः.

"माझं कुठंय?" रामकिसननं विचारलं.

द्वारकाबाईनं भाकरीवर ठेचा वाढला.

"द्वारके. माझं ताट."

"घरात अजून कोण असतं, बाई?" म्हातारीनं विचारलं.

"कोण असणार," द्वारकाबाई म्हणाली. "मी एकटीच. तुम्ही आलात ते लई बरं झालं. दिवस खायला उठतो."

ती उठली, दाराशी आली. रामकिसन उंबऱ्यापाशीच होता, तिच्या श्वासाच्या अंतरावर. तिनं बाहेरच्या अंधाराकडं, त्याच्या आरपार, एकदा बघितलं. वारं येतंय म्हणाली आणि कडी लावली.

तो दारावर हात मारत राहिला. मग खिडकीशी गेला. आत दोघी जेवत होत्या. गोजरबाईनं आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडली, तिच्यावर थोडा ठेचा ठेवला आणि खिडकीच्या बाजूला, जमिनीवर सरकवली.

"हे कुणाला, आई?" द्वारकाबाईनं विचारलं.

म्हातारीनं त्या भाकरीकडं बघितलं.

"काय की," ती म्हणाली. "आठवत नाय."